दादासाठी ग्राफिक्स कार्ड

माझा थोरला भाऊ दौंडहून मालगाड्या चालवायचा. रेल्वेत ड्रायव्हर लोकांची ठरावीक काळानं डोळ्यांची आणि एकूण तब्येतीची तपासणी होते. अशाच एका तपासणीला तो सकाळी डबा घेऊन गेला आणि परत आला तो अनफिट होऊन. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला होता. यंत्रावर हनुवटी टेकवून बसायचं, समोरच्या पांढऱ्या वाटीत कुठंही बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं, अशी ती परीक्षा. दादानं जिथं जिथं बटण दाबलं नाही तिथं कागदावर काळं उमटलं. त्या कागदावर सही झाली आणि दादा इंजिनावरून उतरला.

नोकरी गेली नाही. त्याला लॉबीत बसवलं. लॉबी म्हणजे ड्युटीवर निघालेले ड्रायव्हर जिथं येऊन हजेरी देतात ते ऑफिस. येईल त्याच्या तोंडासमोर दारू तपासायचं यंत्र धरायचं, त्यानं फुंकर मारली की आकडा बघून पुढं सोडायचं, हे त्याचं नवं काम. ज्यांना त्यानं वर्षानुवर्षं शेजारी बसवून उतारावर गाडी कशी आवरायची ते शिकवलं होतं, ते आता त्याच्यासमोर उभे राहून फुंकर मारायचे आणि मारताना दुसरीकडं बघायचे. दादा म्हणायचा, "त्यांनापण अवघड होतंय गं."

मी शिरूरच्या एका ज्युनियर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. कॉलेजनं लॅबमधले जुने कॉम्प्युटर काढले तेव्हा त्यातला एक मी घेतला, त्यावर लिनक्स टाकलं आणि दादाच्या क्वार्टरमध्ये नेऊन लावला. नवं विंडोज त्या यंत्राला झेपलं नसतं आणि मला सवयही लिनक्सचीच. हेतू एवढाच, की मोबाईलची बारीक अक्षरं वाचताना त्याला त्रास व्हायचा तो कमी व्हावा. मी अक्षरं मोठी करून दिली, रोजचा पेपर कसा उघडायचा ते दाखवलं. त्यानं सगळं निमूट ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "तायडे, ह्यात गाडी चालवता येती का?"

मला वाटलं मोटारीचा गेम म्हणतोय. तो म्हणाला, "आपली गाडी गं. रेल्वे."

हौशी लोक मिळून बनवतात असे फुकटचे ट्रेन सिम्युलेटर असतात, आणि लिनक्सवर चालणारेही असतात. आपल्याकडच्या कुणा रेल्वेवेड्यानं त्यातल्या एकासाठी दौंड ते मनमाड मार्ग बनवून ठेवला होता. मी तो उतरवून घेतला. पुढच्या रविवारी एसटीनं दौंडला गेले आणि त्याला खुर्चीवर बसवून चालू करून दिला. गाडी निघाली खरी, पण एक चित्र दिसायचं, मग सगळं थांबायचं, मग दुसरं चित्र. काष्टी स्टेशन यायच्या आत वहिनींनी ठेवलेला चहा गार झाला.

"ही काय गाडी न्हाई," दादा म्हणाला. "हा फोटोंचा अल्बम हाय. काय कमी पडतंय ह्याला?"

"ग्राफिक्स कार्ड नाहीये वेगळं. हलतं चित्र काढायचं सगळं ओझं मेन प्रोसेसरवर येतंय."

"मग आण की एक."

इतक्या सहज म्हणाला, जणू कोपऱ्यावरून दूध आणायचं होतं.

त्या यंत्राला कार्ड शोधणं सोपं नव्हतं. ऑफिसात वापरतात तसला तो चपटा डबा, त्यामुळं कार्ड अर्ध्या उंचीचंच पाहिजे. त्याचा पॉवर सप्लाय अगदी बेताचा, त्यामुळं वेगळी वायर न मागणारं पाहिजे. आणि लिनक्सवर चालायचं, म्हणजे त्याचा ड्रायव्हर, कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, नीट मिळाला पाहिजे. काही कार्डांचे ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासूनच असतात, लावलं की चालतं. काहींचे कंपनीकडून घ्यावे लागतात, आणि कार्ड जुनं झालं की कंपनी हात काढून घेते. त्यात मी शोधायला लागले तेव्हा भाव असे चढले होते, की नव्या कार्डाचा विषय मी आणि दादानं पहिल्याच फोनवर संपवला. जुनंच बघायचं ठरलं.

शिरूरला स्टँडजवळ आमच्या कॉलेजचे प्रिंटर दुरुस्त करणारं दुकान आहे. मालक ओळखीचे. त्यांना विचारलं तर ते हातातला कॅमेरा खाली ठेवून म्हणाले, "मॅडम, कॉम्प्युटरचं आता काय राहिलंच न्हाई. सगळा धंदा सीसीटीव्हीचा. गोठ्याला कॅमेरा, कांद्याच्या चाळीला कॅमेरा. कार्ड कोण मागतंय? आन् लिनक्सला म्हंजी तर मला त्यातलं कळतच न्हाई. तुम्ही विंडोज टाका, मग बघू."

पुण्याला फोन केले. अर्ध्या उंचीचं म्हटलं की पलीकडून नाही यायचं. तसं दादाला कळवलं, तर तो म्हणायचा, "असू दे, सावकाश बघ," आणि दोनच दिवसांनी पुन्हा फोन करायचा. लॉबीतून करायचा, मागं वॉकीटॉकीचा खरखराट ऐकू यायचा. "मिळालं का गं?" एवढंच. चाळिशी ओलांडलेला, मोजकं बोलणारा माणूस एका गेमसाठी इतका का मागं लागलाय, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मी म्हणायचे, करमत नसेल.

मग दौंडमध्येच एक कार्ड सापडलं. एक जण त्याचं गेमिंग कॅफे बंद करत होता आणि सामान विकायला काढलं होतं. कार्ड आमच्या मापाचं, वरच्या स्टिकरवर बऱ्यापैकी अलीकडच्या मॉडेलचं नाव. त्यानं त्याच्या विंडोजच्या मशीनवर लावून दाखवलं, पडद्यावरही तेच नाव आलं. भाव आमच्या आवाक्यातला होता. मी आनंदानं घेतलं, क्वार्टरवर जाऊन लावलं, आणि दुपारपर्यंत त्याच्याशी झटापट करत बसले. कंपनीचा ड्रायव्हर बसायलाच तयार नाही. शेवटी तो काढून टाकला, लिनक्सचा खुला ड्रायव्हर चालू केला आणि मशीन सुरू होताना जे संदेश सरकतात ते वाचून काढले. खुला ड्रायव्हर स्टिकरवर विसंबत नाही, थेट चिपला विचारतो. चिपनं तिचं खरं नाव सांगितलं होतं. ती भलतीच जुनी होती. कुणीतरी आतलं सॉफ्टवेअर बदलून, वर नवं स्टिकर चिकटवून तिला तरणी केली होती.

"चालंल का तरी?" दादानं विचारलं.

"नाही चालणार. आधीचंच बरं होतं म्हणायची वेळ येईल."

"चल मग, परत देऊ."

आम्ही दोघं पायी निघालो. दादा मला रस्त्याच्या आतल्या बाजूला ठेवून स्वतः बाहेरून चालत होता, लहानपणापासूनची त्याची सवय. बाजारातून जाताना एका उभ्या मोटरसायकलच्या हँडलला तो सरळ जाऊन धडकला. हँडल चांगलं कमरेच्या वर होतं, गाडी लाल रंगाची होती, भर उन्हात उभी होती. "कुठंबी लावत्यात," तो म्हणाला आणि बरगडी चोळत पुढं गेला. थोड्या अंतरावर त्याच बाजूनं एक म्हातारबाबा सायकल हातात धरून येत होते, त्यांच्याही अंगावर तो गेला. त्यांनी "आरं, दिसत न्हाई व्हय?" म्हटलं. दादा हसला. मी त्याचा दंड धरला, तर त्यानं सोडवून घेतला.

कॅफेवाल्यानं आमचं ऐकून घेतलं. टेबलं गेलेली होती, भिंतीवर नुसत्या वायरी लोंबत होत्या. "दादा, माझ्याकडं चालत होतं ना? तुमच्या समोर दाखवलं," तो म्हणाला. "तुमच्या लिनक्सचा प्रॉब्लेम असंल." मी त्याला चिपचं सगळं समजावून सांगितलं. त्यानं ते कार्ड हातात घेऊन उलटंपालटं केलं. मग म्हणाला, "मला पण नवीन म्हणूनच दिलं होतं ताई. असली अजून बरीच घेतलीत मी." परत काही त्यानं घेतलं नाही, आणि आम्हालाही पुढं भांडवेना.

त्या दिवशी मी मुक्कामी राहिले. संध्याकाळी दादा दूध आणायला गेला तेव्हा मी वहिनींना मोटरसायकलचं सांगितलं. त्या पालेभाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दरवाजाची चौकट रोज लागते त्यांना. विचारलं तर म्हणतात, चौकटच अरुंद आहे रेल्वेची."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर म्हणतात वाढतंय. हे म्हणतात त्या मशीनमध्येच खोट आहे. मला सगळं दिसतं म्हणतात. ठिपके बारीक होते, आदल्या दिवशी झोप नव्हती, बटण कडक होतं." त्यांनी देठं बाजूला सारली. "ताई, त्यांना ती गाडी कशाला पाहिजे तुम्हाला माहितीये का? त्यांना बघायचंय, सिग्नल दिसतात का ते. दिसले तर फेरतपासणीचा अर्ज करणार आहेत. लॉबीतल्या साहेबांशी बोलून पण ठेवलंय."

मी त्यांनी बाजूला सारलेली देठं गोळा करू लागले.

"तुम्हाला म्हणून सांगते," वहिनी म्हणाल्या, "ते कार्ड नाही मिळालं तर बरं होईल. मिळत नाही तोवर माणूस आशेवर तरी आहे."

शिरूरला परत आल्यावर मी शोधणं बंद केलं. दादाचा फोन आला की म्हणायचे, बघतेय. दिवाळीच्या आधी त्याचा एक फोन आला, त्यात त्यानं कार्डाचं काही विचारलंच नाही. म्हणाला, "डाव्या डोळ्याला आता सकाळचं जरा धुकं वाटतंय. थंडीचं असंल." मी फोन ठेवला आणि मला राहवलं नाही. वहिनींचं बरोबर होतं, पण ज्याचे डोळे होते त्याला स्वतः बघायचं होतं. ते त्याच्यापासून दाबून ठेवणारी मी कोण?

रांजणगावच्या कंपन्या जुने कॉम्प्युटर लॉटनं विकतात. ते घेणाऱ्या एका भंगारवाल्याचं गोडाऊन कारेगावच्या बाजूला आहे असं कॉलेजातल्या शिपायानं सांगितलं. सुट्टी बघून गेले. पत्र्याखाली छातीइतके ढीग, एकीकडं कीबोर्डांचा, एकीकडं मॉनिटरांचा. तिथं उत्तर प्रदेशातला एक कामगार पेचकस घेऊन डबे उघडत बसला होता. मी मोबाईलवर फोटो दाखवला. तो म्हणाला, "डिज़ाइन वालों की मशीन में आता है ये। देख लीजिए उधर, पर गारंटी कुछ नहीं।"

दुपारभर बघितल्यावर एक मिळालं. अर्ध्या उंचीचं, जाड धुळीनं भरलेलं, वेगळी वायर न लागणारं, आणि ज्याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून असतो अशा जातीचं. कुठल्या तरी ड्रॉइंगवाल्या माणसाच्या टेबलाखाली ते वर्षानुवर्षं चाललं असणार. मालकानं तराजूकडं बघत एक किंमत सांगितली, ती इतकी कमी होती की मी घासाघीस केलीच नाही. घरी आणून ब्रशनं साफ केलं, तर लक्षात आलं की त्याची मॉनिटरची भोकं बारकी, वेगळ्या पद्धतीची आहेत. त्याला जोडायचं अडॅप्टर मागवलं, ते चुकीचं आलं, परत पाठवून दुसरं मागवलं. यात आणखी बरेच दिवस गेले.

मी गेले त्या रविवारी दादानं दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. कार्ड लावलं. या वेळी काहीच अडलं नाही. मशीन सुरू झालं, कार्डाचं खरं नाव आलं, सिम्युलेटर उघडला. दौंडचं यार्ड समोर उभं राहिलं. रूळ, खांब, वरच्या तारा, सगळं लख्ख. गाडी हलली तसे खांब सरसर मागं जाऊ लागले. कुठं अडखळणं नाही. मी दादाकडं बघितलं. तो खुर्चीच्या कडेला आला होता. डावा हात टेबलावर आपोआप पुढं सरकून पसरला होता, इंजिनात हँडल जिथं असतं तिथं.

"हां," तो म्हणाला. "आता गाडी हाय."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

इंजिनात ड्रायव्हर आणि त्याचा सहायक दोघंही प्रत्येक सिग्नल मोठ्यानं एकमेकांना सांगतात. दादानं मला शेजारी बसवलं आणि म्हणाला, "तू काय बोलू नको. मीच सांगतो." यार्ड सोडताना समोरचा सिग्नल त्यानं सांगितला, "हिरवा." होता हिरवा. पुढचा सांगितला, तोही बरोबर. त्याचा आवाज मोकळा झाला. काष्टीच्या अलीकडं मार्ग जरा वळत होता. वळणावर एक सिग्नल डाव्या कडेनं आत आला, पिवळा. गाडी सावकाश करायची असा त्याचा अर्थ. दादा काही बोलला नाही. तो समोर रुळांकडं बघत होता, अगदी ताठ, डोळे न मिटता. पिवळा मागं गेला. मी ओठ घट्ट मिटून बसले. मग स्टेशनच्या तोंडाशी लाल आला. मला तो केव्हाचा दिसत होता, दारात उभ्या असलेल्या वहिनींनाही दिसत असणार. दादा त्याच वेगानं त्याच्या शेजारून गेला.

पडदा थांबला. लाल सिग्नल ओलांडल्याचा इंग्रजी मजकूर आला.

रेल्वेत लाल सिग्नल ओलांडण्याइतका मोठा गुन्हा ड्रायव्हरच्या हातून होत नाही. त्याच्या इतक्या वर्षांत तो एकदाही झाला नव्हता. पडद्याच्या जवळ तोंड नेऊन त्यानं तो मजकूर वाचला.

"कुठं होता?" त्यानं विचारलं.

मी बोट ठेवलं. त्यानं मान वळवली, तेव्हा त्याला तो दिसला.

"हितं सिग्नल न्हाईच," तो म्हणाला. "खरा होम सिग्नल, स्टेशनात घेणारा, बराच पुढं हाय. बनवणाऱ्यानं चुकीचा लावलाय." ते खरंही असेल. कुणीतरी घरी बसून अंदाजानं लावलेले सिग्नल होते ते. "परत लाव."

मी परत लावलं. या वेळी तो मान सतत इकडंतिकडं फिरवत होता. सिग्नल सापडेपर्यंत रूळ हातचे जायचे, रुळांवर यावं तर सिग्नल निसटायचा. तो लाल त्याला ठाऊक होता म्हणून तिथं गाडी थांबवली. हिरवा झाल्यावर निघाला. श्रीगोंद्याच्या अलीकडं पुन्हा एक पिवळा गेला, पुन्हा लाल गेला, पुन्हा तोच मजकूर आला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. मला एकच गोष्ट कळत होती, ती म्हणजे त्याला काळं असं काही दिसतच नव्हतं. नसलेली बाजू त्याच्या लेखी नव्हतीच. रूळ होते, आकाश होतं, आणि सगळं पूर्ण आहे असंच त्याला वाटत होतं.

"बंद कर," तो म्हणाला.

मी बंद केलं. वहिनी आत निघून गेल्या. आतून भांड्याचा आवाज नाही, नळाचा आवाज नाही.

दादा म्हणाला, "म्हंजी डॉक्टरचं मशीन बरोबर होतं."

मी म्हटलं, "दादा, हा गेम आहे."

"व्हय," तो म्हणाला. "गेमच हाय." आणि उठून चप्पल घालायला गेला. चप्पल पायाजवळच होती, तरी त्याला चाचपावी लागली.

फेरतपासणीचा अर्ज त्यानं केला नाही. पुण्याला एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं, गेलेली नजर येणार नाही, आहे तेवढी टिकवायची. ती टिकतेय असंही ते पुढच्या खेपेला म्हणाले नाहीत. स्कूटर विकली. वहिनी त्याला लॉबीपर्यंत सोडायला जाऊ लागल्या, आणि यंत्राचा आकडा वाचण्यात एकदा चूक झाल्यावर त्याला तिथंही नुसतं बसवून ठेवायला लागले. कॉम्प्युटरवर वहिनींनी पातळ चादर टाकली होती, ती कुणी काढली नाही. ते कार्ड अजून त्यात आहे. चांगलं आहे, काही बिघाड नाही.

उन्हाळ्यात तो रजा काढून मांडवगण फराट्याला आबांकडं गेला. आबा म्हणजे आमचे वडील. त्यांना आम्ही डोळ्यांचं काही कळू दिलं नव्हतं. लॉबीतली नेमणूक ही बढती आहे असंच त्यांना सांगितलं होतं, आणि ते गावात तसंच सांगत फिरत होते. मीही त्या आठवड्यात तिथं गेले. एव्हाना समोरचा माणूसही दादाला धड दिसत नव्हता, पण घर पायाखालचं असल्यामुळं आबांच्या ते लक्षात आलं नव्हतं. एका सकाळी आबा ट्रॅक्टरची किल्ली घेऊन ओसरीवर आले.

"घे," ते दादाला म्हणाले. "ट्रॅक्टर तेवढा नदीकडच्या रानात नेऊन लाव. माझी कंबर धरलीया. तुझ्यासारखा बांधावरनं कुनी नेत न्हाई."

दादा म्हणाला, "दुसऱ्या कुनाला सांगा आबा."

"का रं? रजंवर हायस न्हवं?"

"हाय की."

"मग?"

दादा आवाजाच्या रोखानं बघत होता, पण नजर आबांच्या चेहऱ्याच्या थोडी बाजूला पडत होती. आबा किल्ली पुढं करून तसेच उभे राहिले. आधी त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पुन्हा दादाकडं. मग त्यांनी किल्ली धरलेला हात हळूच दादाच्या तोंडासमोरून बाजूला नेला आणि त्याचे डोळे हलतात का ते बघितलं.

ते हलले नाहीत.

आबा खाली बसले. कंबर धरलेली होती म्हणून त्यांना वेळ लागला. दादा विचारत होता, "आबा? निघून गेला का काय?" आणि आबा त्याच्या शेजारीच बसून होते, किल्ली मुठीत धरून.